काळ्या पडद्याचा इतिहास

श्रोतेहो, संगणकाचा पडदा काळा पडला म्हणजे संगणकच बंद पडला, अशी आपल्या घराघरांतून समजूत असते. ती पुष्कळदां खरी नसते. आंतील गणित चालू असतें, पंख्याचा आवाज येत असतो, इतकेंच नव्हे तर यंत्र आपल्या बिघाडाची हकीकतहि आंतल्या आंत लिहून ठेवीत असतें. फक्त ती हकीकत ज्या पडद्यावर वाचावयाची, तोच पडदा आंधळा झालेला असतो. दिव्यांत काय बिघडलें हें पाहावयाचें, आणि पाहावयास उजेड मात्र त्याच दिव्याचा, असा हा पेंच आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा पेंच कसकसा सुटत गेला, त्याचा इतिहास आज मी आपणांस थोडक्यांत सांगणार आहें. विषय तांत्रिक दिसतो खरा. परंतु विकत घेतलेल्या वस्तूचें अंतरंग पाहण्याचा आणि तींतील दोष काढण्याचा अधिकार कोणाचा, हा साधा व्यवहाराचा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊं. संगणकाच्या सर्व कारभाराच्या मुळाशीं जी आज्ञावली असते तिला कर्नेल म्हणतात. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यावा, हें सर्व कर्नेल ठरवितें. दुसरा शब्द ड्रायव्हर. हा मोटार हांकणारा नव्हे. कर्नेल आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामधील तो दुभाषी होय. पडद्याचा ड्रायव्हर ग्राफिक्सच्या चिपमधील ठराविक घरांत ठराविक आंकडे भरतो, आणि त्या आंकड्यांवरून पडद्यावर किती ओळी, किती ठिपके आणि सेकंदाला किती वेळां उमटावयाचे तें ठरतें. एक आंकडा चुकला तरी सारें चित्र नाहींसें होतें.

लॅपटॉपची गोष्ट त्याहून नाजूक. टेबलावरील संगणकाचा पडदा काढून दुसरा जोडतां येतो. लॅपटॉपचा पडदा यंत्राशीं कायमचा जखडलेला असतो. त्याला आधीं वीज द्यावयाची, मग कांहीं मिलिसेकंद थांबून चित्राचा संकेत पाठवावयाचा, आणि त्यानंतर पडद्यामागचा दिवा लावावयाचा, असा क्रम ठरलेला असतो. हा क्रम कारखानदार यंत्रांतील एका कोष्टकांत नमूद करून ठेवतो. तें कोष्टक कधीं अपुरें असतें, कधीं चुकीचें असतें. आणि कारखान्यांतून निघालेल्या मूळ आज्ञावलीला ती खोड ठाऊक असल्यामुळें ग्राहकाला तिचा पत्ताहि नसतो. लिनक्स नांवाच्या कर्नेलची मूळ संहिता मात्र सर्वांस खुली आहे. ती उतरवून घ्यावी, नको तें गाळावें, हवें तें घालावें आणि आपल्या यंत्रापुरतें स्वतंत्र कर्नेल बांधावें, अशी तेथें मोकळीक आहे. अशा स्वतः बांधलेल्या कर्नेलवर लॅपटॉप प्रथमच चालूं केला म्हणजे ती दडलेली खोड उघडी पडते.

समजा, धाराशिव जिल्ह्यांतील कळंब तालुक्यांत, सोलापूर-धुळें मार्गावर येरमाळा म्हणून जें गांव आहे, तेथील एका घरीं असा एक जुना लॅपटॉप आहे. घरांतील मुलानें नवें कर्नेल बांधलें आणि पडदा काळा पडला. ज्यानें त्या चिपचा ड्रायव्हर लिहिला तो मनुष्य कदाचित् अमेरिकेंतील ओरेगॉन संस्थानांत बसलेला आहे. त्याच्यापाशीं विद्या आहे, पण हा विशिष्ट लॅपटॉप नाहीं. येरमाळ्यास लॅपटॉप आहे, पण ती विद्या नाहीं. दोष तर नेमका त्या एका यंत्रांतच प्रकट होतो. तेव्हां विद्या आणि यंत्र यांची गांठ घालून द्यावयाची कशी, हाच या इतिहासाचा खरा धागा आहे, आणि पुढें जे जे शोध मी सांगणार आहें ते सर्व या एका धाग्यांत ओवलेले आहेत.

पडद्यावर हवें तें उमटवून घेण्याची खटपट महाराष्ट्राला नवी नाहीं. संगणकाच्या आरंभीच्या पडद्याला फक्त सारख्या रुंदीचीं सुटीं अक्षरें ठाऊक होतीं. आपली जोडाक्षरें, वेलांट्या आणि रफार त्यांत बसत ना. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या दशकांत या प्रश्नावर काम झालें, आणि १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तें काम तेथें वाढलें. त्यांतून जिस्ट नांवाचें कार्ड पुढें आलें. तें संगणकांत बसविलें कीं इंग्रजीसाठीं लिहिलेल्या आज्ञावलींतूनहि देवनागरी अक्षरें पडद्यावर उमटत. त्या काळीं हें मोठेंच कार्य होतें. परंतु त्याची पद्धति ध्यानांत घ्यावी: उपाय एका संस्थेनें केला, तो एका बंद वस्तूच्या रूपानें ग्राहकाच्या हातीं आला, आणि त्यांत कांहीं उणें निघाल्यास शोध घेण्याचा मार्ग निर्मात्याच्या प्रयोगशाळेंतूनच जाई. जगांत सर्वत्र त्या वेळीं हीच रीत होती.

या रीतीला निराळें वळण लागलें तें १९९१ सालीं. हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स यानें आपल्या कर्नेलची मूळ संहिता प्रसिद्ध केली, आणि पुढील वर्षीं ती अशा परवान्याखालीं आणली कीं कोणीहि ती वाचावी, बदलावी आणि वांटावी. मात्र बदललेली प्रत वांटतांना तिची संहिताहि खुलीच ठेवावी. १९९२ मध्यें एक्स-फ्री-८६ नांवाची चित्रप्रणालीहि स्वयंसेवकांनीं उभी केली, आणि लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या व चित्रें दिसूं लागलीं. पण आरंभीं एक विचित्र व्यवस्था होती. चित्रें काढण्याचें काम कर्नेलकडे नव्हतेंच. तें या बाहेरच्या चित्रप्रणालीकडे होतें, आणि ती कर्नेलला बाजूस सारून थेट चिपच्या घरांत आंकडे भरीत असे. साधीं अक्षरें दाखविण्यास कर्नेल, आणि चित्रें दाखविण्यास चित्रप्रणाली, असे एका पडद्याचे दोन धनी झाले. पडद्याच्या ओळींचें कालमान ग्राहकाला स्वतः कागदावर गणित करून भरावें लागे, आणि तें चुकल्यास जुन्या कांचनळीच्या पडद्यास इजा पोंचेल, असा इशारा मार्गदर्शक पत्रकांतून दिलेला असे.

दोन धन्यांच्या या संसाराचा परिणाम ठरलेलाच होता. चित्रप्रणालीच्या हातीं पडदा असतांना कर्नेल कोलमडलें, तर मरणसमयीं त्याला जें सांगावयाचें तें पडद्यावर उमटूंच शकत नसे. पडदा जसाच्या तसा गोठून राही, किंवा काळा होई. त्या अवस्थेंत यंत्राला एकच जिव्हा उरे: कळफलकावरील लहान दिवे. कर्नेल पूर्णपणें कोसळलें कीं कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकूं लागे. परीक्षकानें तेवढ्यावरून ओळखावयाचें कीं दोष नुसत्या पडद्याचा नाहीं, खुद्द कर्नेलचा आहे.

येथून काळोखांतून बातमी बाहेर काढण्याच्या युक्त्यांचा इतिहास सुरू होतो. पहिली युक्ति सीरियल तारेची. संगणकाच्या पाठीमागें जें जुनें जोडस्थान असे, त्यांतून तार काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, म्हणजे पहिल्याचें सर्व बोलणें दुसऱ्याच्या पडद्यावर वाचतां येतें. परंतु लॅपटॉप जसजसे पातळ होत गेले तसतसें तें जोडस्थान नाहींसें झालें. मग नेटकन्सोल नांवाची सोय आली. तींत कर्नेल आपले शब्द जाळ्याच्या तारेवरून शेजारच्या संगणकाकडे फेंकीत राहतें. तेंहि नसेल तर दुसऱ्या यंत्रावरून आंधळ्या लॅपटॉपमध्यें प्रवेश करून त्याची रोजनिशी वाचावी. लॅपटॉप उत्तर देत असेल तर तो जिवंत आहे, आणि दोष फक्त पडद्याच्या वाटेवर आहे, एवढें तरी निश्चित होतें.

या सर्वांत मौजेची युक्ति २००६ सालची. लॅपटॉपचें झांकण लावून तो निजवावा आणि उघडल्यावर जागा होऊं नये, ही त्या काळची नित्याची तक्रार होती. जागें होतांना पडदा लागलेला नसतो, तार चालूं झालेली नसते, तबकडीवर लिहितां येत नाहीं. मग बातमी ठेवावयाची कोठें? टॉर्वाल्ड्स यानें पाहिलें कीं यंत्रांतील घड्याळ तेवढें लहानशा बॅटरीवर अखंड चालत असतें. त्यानें कर्नेलला असें शिकविलें कीं जागें होतांना प्रत्येक पायरीची खूण त्या घड्याळाच्या आंकड्यांत लिहावी. यंत्र अडकलें कीं तें बंद करून लागलीच पुनः चालूं करावें, आणि घड्याळांतील तारखेवरून कोठें अडलें तें ओळखावें. घड्याळाची वेळ अर्थातच पार बिघडे. पण हरवलेल्या वेळेच्या मोबदल्यांत दोषाचें ठिकाण हातीं येई.

कधीं कधीं तर सर्वांत उपयोगी साधन म्हणजे हातांतील विजेरी ठरते. काळ्या पडद्यावर ती तिरपी धरली आणि अंधुक चित्र दिसलें, तर ड्रायव्हरनें चित्र बरोबर काढलें आहे, फक्त मागचा दिवा लागलेला नाहीं, असा निकाल होतो. या प्रकारचें एक उदाहरण लिनक्सच्या संहितेंत कायमचें कोरलें गेलें आहे. एसर कंपनीच्या अस्पायर ५७३४-झेड या लॅपटॉपमध्यें दिव्याच्या तेजाचें माप उलटें होतें. ड्रायव्हरनें पूर्ण तेज मागितलें कीं दिवा विझे, आणि शून्य मागितलें कीं तो प्रखर होई. तेव्हां इंटेलच्या चिपसाठीं असलेल्या ड्रायव्हरमध्यें या यंत्राचें नांव अपवाद म्हणून लिहावें लागलें. असे यंत्रानुरूप अपवाद त्या संहितेंत आणखीहि आहेत. ज्याच्या मांडीवर तो विशिष्ट लॅपटॉप नव्हता, त्याला असा दोष नुसत्या बुद्धीनें कधींच सुचला नसता.

२००९ सालच्या मार्च महिन्यांत लिनक्सची २.६.२९ ही आवृत्ति निघाली, आणि तीपासून इंटेलच्या चिपपुरता पडद्याचा कारभार चित्रप्रणालीकडून काढून कर्नेलकडे देण्यांत आला. इतर चिपांच्या ड्रायव्हरांनींहि पुढें तीच वाट धरली. एका पडद्याला एक धनी मिळाला. यंत्र चालूं झाल्यापासून शेवटपर्यंत पडद्याचें रूप एकाच हातीं राहिल्यामुळें लॅपटॉप निजवणें आणि जागा करणें पुष्कळ सुधारलें. पण प्रत्येक सुधारणेची किंमत असते. पडद्याच्या ड्रायव्हरमधील चूक आतां कर्नेलच्या पोटांत आली, आणि स्वतः बांधलेल्या कर्नेलवर पहिल्या मिनिटालाच पडदा काळा होण्याचा संभव वाढला. म्हणून परीक्षकांनीं एक शिस्त पाळावयास सुरुवात केली: जुनें, चालतें कर्नेल कधीं पुसूं नये, नवें त्याच्या शेजारीं ठेवावें, आणि अगदींच अडल्यास नोमोडसेट हा शब्द आरंभाच्या ओळींत देऊन नव्या व्यवस्थेशिवाय यंत्र चालूं करावें.

आतां विद्या आणि यंत्र यांची गांठ घालणारा सर्वांत महत्त्वाचा शोध सांगतों. लिनक्सच्या एका आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंत नऊ-दहा आठवडे जातात, आणि तेवढ्यांत संहितेंत दहा हजारांवर फेरफार होतात. मागील आवृत्तीवर पडदा दिसत होता, नव्या आवृत्तीवर दिसत नाहीं. तर दहा हजारांतील दोषी फेरफार कोणता? २००५ सालीं टॉर्वाल्ड्स यानें संहितेचा हिशेब ठेवण्यासाठीं गिट नांवाचें साधन निर्माण केलें, आणि त्याच वर्षीं त्यांत द्विभाजनाची सोय झाली. शब्दकोशांत शब्द शोधतांना आपण मधलें पान उघडतों, आणि शब्द अलीकडे कीं पलीकडे हें पाहून निम्मा कोश बाजूस टाकतों; तसेंच हें. मधल्या फेरफारापर्यंतचें कर्नेल बांधावें, लॅपटॉप चालूं करून पाहावा, आणि पडदा दिसला कीं नाहीं एवढेंच सांगावें. प्रत्येक परीक्षेगणिक निम्मे फेरफार निर्दोष ठरतात. एक हजारांतून दोषी फेरफार काढण्यास दहा परीक्षा पुरतात, आणि दहा हजारांतून काढण्यास अवघ्या चौदा.

या चौदा परीक्षांचें महत्त्व सामाजिक आहे. त्या करणाऱ्याला ड्रायव्हरमधील एक ओळहि समजण्याची गरज नाहीं. त्याला लागतें तें असें: तो विशिष्ट लॅपटॉप, कर्नेल बांधण्याची माहिती आणि चिकाटी. जुन्या यंत्रावर एकेक कर्नेल बांधण्यास तास-तास लागतो, वीज गेली तर काम पुनः आरंभावें लागतें. तरी पण शेवटीं येरमाळ्याचा मुलगा ओरेगॉनच्या तज्ज्ञाला निःसंदिग्धपणें सांगूं शकतो कीं, अमुक दिवसाच्या अमुक फेरफारानें माझा पडदा गेला. आणि तसें झाल्यास तज्ज्ञाला हात झटकतां येत नाहींत. कारण पूर्वीं चालत असलेली वस्तु नव्या कर्नेलनें बिघडवूं नये, हा टॉर्वाल्ड्स यानें वारंवार आणि कडक शब्दांत सांगितलेला नियम आहे. दोष सुधारतां येत नसेल तर तो फेरफारच मागें घ्यावा, अशी तेथील रीत आहे. जुन्या यंत्राच्या मालकाला एवढें संरक्षण दुसरीकडे क्वचितच मिळतें.

पण ही सारी इमारत एका अटीवर उभी आहे, आणि ती अट म्हणजे संहिता खुली असणें. जेथें ती खुली नव्हती तेथील इतिहास निराळा आहे. एन्व्हिडिया कंपनीनें आपला लिनक्सचा ड्रायव्हर अनेक वर्षें बंद ठेविला. असा बंद ड्रायव्हर घातला कीं कर्नेल आपल्या रोजनिशींत ‘कलंकित’ अशा अर्थाची खूण करून ठेवतें, आणि त्या यंत्राची तक्रार कर्नेलचे कर्ते सहसा हातीं घेत नाहींत. कारण दोष आपल्या संहितेंत आहे कीं त्या झांकलेल्या पेटींत, हें त्यांना पाहतां येत नाहीं. २००५ च्या सुमारास स्टेफान मार्शेसें या फ्रेंच कार्यकर्त्यानें नूव्हो नांवाचा खुला ड्रायव्हर हातीं घेतला. कंपनीनें कागदपत्रें दिलेलीं नव्हतीं, म्हणून एक लहान आज्ञावली तयार करण्यांत आली. ती एखादी आकृति काढावयास सांगे, आणि त्यापूर्वीं व त्यानंतर चिपच्या घरांत कोणते आंकडे बदलले तें टिपून घेई. देशोदेशींच्या लॅपटॉप-मालकांनीं ती आपल्या यंत्रावर चालवून टिपणें पाठविलीं, आणि त्या टिपणांवरून चिपची भाषा हळूहळू उलगडली. २०१० सालीं नूव्हो कर्नेलमध्यें दाखल झाला. ए. एम. डी. कंपनीनें २००७ पासूनच आपल्या चिपचीं कागदपत्रें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. एन्व्हिडियानें कर्नेलमध्यें बसणाऱ्या भागाची संहिता खुली केली ती २०२२ च्या मे महिन्यांत, आणि तेव्हांहि चिपच्या आंत चालणारी आज्ञावली बंदच राहिली. मधल्या काळांत एकाच लॅपटॉपमध्यें दोन कंपन्यांच्या दोन चिपा बसूं लागल्या होत्या, आणि कोणत्या क्षणीं पडदा कोणाच्या ताब्यांत हें शोधतांना परीक्षकांच्या रात्री गेल्या.

या सहकार्याचें स्वरूप ज्यांना परदेशी वाटेल त्यांनीं पुनः येरमाळ्याकडे वळावें. तेथील येडेश्वरीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत चुनखडी वेचण्याची प्रथा आहे. लाखोंच्या समुदायांतील प्रत्येकजण आपल्या हातानें खडे वेचतो. कोणा एकाच्या खड्यांनीं कांहीं उभें राहत नाहीं, पण सर्वांच्या खड्यांची रास होते. ड्रायव्हरच्या परीक्षेंत प्रत्येक मालकाची तक्रार हा असाच एक खडा आहे. मात्र खडा चुनखडीचाच हवा. ‘माझा पडदा चालत नाहीं’ एवढें लिहून भागत नाहीं. यंत्राचें नेमकें नांव, कर्नेलची आवृत्ति, शेवटीं कोणत्या आवृत्तीवर पडदा दिसत होता, काय केलें असतां दोष हटकून प्रकट होतो, आणि त्या वेळची कर्नेलची रोजनिशी, एवढ्या पांच गोष्टी ज्या तक्रारींत आहेत ती उपयोगी; बाकीची नुसती कुरकुर.

अगदीं अलीकडची एक घटना सांगून हा वृत्तांत पुरा करतों. २००९ नंतर पडद्याचा धनी एक झाला खरा, पण मरतांना कर्नेलला आपलें शेवटचें वाक्य पडद्यावर भरंवशानें लिहितां येत नव्हतेंच. कोसळणाऱ्या यंत्रांत ड्रायव्हरचीं नेहमींचीं कुलुपें अडकलेलीं असतात, आणि तीं न उघडतां लिहावयाचें कसें, हा प्रश्न होता. २०२४ च्या जुलै महिन्यांत निघालेल्या ६.१० या आवृत्तींत कांहीं ड्रायव्हरांपुरती ती सोय प्रथम झाली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांतील ६.१२ या आवृत्तींत तो शेवटचा मजकूर चौकोनी क्यू-आर संकेताच्या रूपानें दाखविण्याची योजनाहि आली. आपण दुकानांत पैसे देतांना जसा तो चौकोन फोननें टिपतों, तसाच मरणाऱ्या कर्नेलचा निरोप टिपून तज्ज्ञाकडे धाडतां येतो. काळ्या पडद्याला बोलतें करावयास पंधरा वर्षें लागलीं.

श्रोतेहो, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा कंपनीकडून मिळणारा नेहमींचा आधार संपला, आणि धडधाकट असूनहि नव्या प्रणालीस अपात्र ठरलेलीं असंख्य यंत्रें घराघरांत तशींच राहिलीं. त्यांतील पुष्कळ लिनक्सवर आणखी कांहीं वर्षें विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडूं शकतात. तीं तशीं पडतील कीं अडगळींत जातील, हें बरेंचसें त्यांच्या पडद्याच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे; आणि तो ड्रायव्हर नीट चालतो कीं नाहीं हें, ज्याच्या घरीं तें यंत्र आहे, त्याच्याइतकें दुसरें कोणीहि सांगूं शकणार नाहीं. म्हणून पुढच्या खेपेस लॅपटॉप घेतांना किंमत आणि स्मृति यांबरोबरच त्यांतील ग्राफिक्सच्या चिपचा ड्रायव्हर खुला आहे काय, एवढी एक चौकशी आपण अवश्य करावी. दुकानदाराला उत्तर देतां आलें नाहीं तरी हरकत नाहीं. दहा गिऱ्हाइकांनीं तोच प्रश्न विचारला म्हणजे अकराव्यासाठीं तो उत्तर शोधून ठेवील.